ताटांवरची नावं

फळ्यावर बारा इंग्रजी वाक्प्रचार लिहिले, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. ते आधीच कबूल करून टाकते.

दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. साल दोन हजार सहा, जून महिना. कापसामुळे आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं आणि पेपर वाचणाऱ्या कुणाकुणाला आमची कणव येत होती. मुंबईच्या एका न्यासानं आमच्याकडच्या मुलींसाठी नर्सिंगची शिष्यवृत्ती काढली. अर्ज इंग्रजीत भरायचा. त्यातला सातवा रकाना मोठा होता: तुमच्या कुटुंबाची आर्थिक ओढाताण दोनशे शब्दांत वर्णन करा.

बारावी झालेल्या एकोणीस मुली माझ्यासमोर बसल्या होत्या. मी खडू उचलला. हँड टू माउथ. मेक बोथ एंड्स मीट. टाइटन वन्स बेल्ट. असे एकाखाली एक. जोंधळ्याच्या ताटासारखी सरळ अक्षरं. मग एकेकाचा अर्थ सांगत गेले. जुळत नाहीत ती दोन टोकं जुळवणं. पोटाला पट्टा आवळून बांधणं.

"मॅडम, माझा बाबा त धोतर नेसते," मागून एक जण म्हणाली.

"मंग कासोटा आवळला म्हणून लिव," दुसरी म्हणाली, आणि वर्ग हसला. मीही हसले.

शेवटचा वाक्प्रचार माझा लाडका होता. कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर. भूक म्हणजे लांडगा. त्याला दाराबाहेर थोपवून धरायचं. तेव्हा निकितानं हात वर केला. वरुडखेडच्या भगवानराव आणि विमलताईंची ही मुलगी. कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची.

"मॅडम, आमच्याकडं लांडगा नाई येत. रोही येते. डुक्कर येते."

"तपासणाऱ्याला नीलगाय नको, लांडगाच लागतो," मी म्हणाले. "वाक्प्रचार वापरला की वजन पडतं."

चौदा वर्षं मी हेच शिकवत आले होते. निबंधात तीन वाक्प्रचार, पत्रात दोन. गुण मिळतात. मुली वहीवर वाकल्या आणि बाराच्या बारा वाक्प्रचार उतरवून घेतले.

दहा दिवसांनी एकोणीस अर्ज एकाच पाकिटातून परत आले. वर एक कागद होता. सर्व अर्जांतला मजकूर जवळपास सारखाच आहे, त्यामुळे माहितीच्या खरेपणाविषयी शंका वाटते. प्रत्येक अर्जदारानं सातवा रकाना स्वतःच्या शब्दांत लिहून पाच दिवसांच्या आत पोहोचेल असा पाठवावा. त्यानंतर आमचा प्रतिनिधी घरी भेट देईल.

आमचे हे, अनंत, तहसीलमध्ये आहेत. त्यांनी तो कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "म्हणजे तुझा लांडगा एकोणीस घरं फिरून आला म्हणायचा."

मी अर्ज चाळत बसले. एकोणीस वेगवेगळी हस्ताक्षरं, आणि सगळ्यांच्या दाराशी तोच लांडगा. काहींनी पट्टा आवळण्यापुढे वडिलांचं नावही घातलं होतं. मला राग आला. आधी मुलींचा, मग न्यासाचा, आणि शेवटी जिथे यायला हवा होता तिथे.

एकोणीसपैकी बऱ्याच जणींनी पुन्हा लिहायचं सोडूनच दिलं. काहींना घरच्यांनी परत पाठवलं नाही. निकिता मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपनं आली. तिचं वेगळं होतं. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. मागच्या वर्षीही लागला होता, आणि पैशाअभावी ती जागा दुसरीला गेली होती. यंदा कॉलेजनं दहा जुलैपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर वय आडवं येणार होतं. हे तिनंच मला सांगितलं, रडूबिडू न आणता, जीपची वेळ सांगावी तसं.

रिकाम्या वर्गात आम्ही दोघी बसलो.

"वाक्प्रचार विसर," मी म्हणाले. "घरी काय परिस्थिती आहे, ते मराठीत सांग. इंग्रजी आपण करू."

"परिस्थिती हलाखीची हाये."

"हा पण वाक्प्रचारच झाला."

"बेताची हाये."

"निकिता."

"नाजूक हाये," ती म्हणाली आणि बाकावरची रेघ बोटानं घासत राहिली.

"बरं, काल घरी काय शिजलं होतं?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. ती रेघच घासत होती. तास संपला तेव्हा कागदावर फक्त तिचं नाव होतं आणि गावाचं नाव होतं. मी चिडून म्हणाले, "ठीक आहे. तुला सांगता येत नाही, तर मी डोळ्यांनी बघून येते."

तिनं मान वर केली. "तुमी येनार? मंग आईले सांगा लागन."

तिथेच मी चूक केली. सांगू दिलं.

दुसऱ्या दिवशी जीपनं वरुडखेडला गेले. पाऊस नव्हता; ढग येत होते आणि पाहुण्यासारखे उभ्याउभ्या परत जात होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी जमीन तोंड वर करून पडली होती. फाट्यावर निकिता उभी होती. वेणीत अबोली माळलेली.

विमलताईंनी दारात पाय धुवायला पाणी दिलं. उंच, सडपातळ बाई, हसताना डावा गाल आधी हलायचा. ओसरी नुकतीच सारवलेली होती. लाल प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी मांडलेली, तिच्यावर धुतलेला टॉवेल. आतल्या भिंतीवर भांड्यांची मांडणी असावी. तिच्यावर हिरवं लुगडं ताणून बांधलं होतं.

"धुरानं भांडी काळी होते, म्हणून झाकली," मी काही विचारण्याआधीच विमलताई म्हणाल्या. "लाईन गेली मॅडम, नाईतर पंखा लावला असता." आणि सुपानं मला वारा घालू लागल्या. भगवानराव कुणाच्यातरी शेतात कामाला गेले होते. शेजारच्या कुडावर कोपर टेकून एक वयस्क बाई आमच्याकडे बघत होती. आरशांच्या काचा लावलेली चोळी, हातात बंजारा बायकांच्या पांढऱ्या बांगड्या, बलोती. ती रामीबाई, तांड्यावरून येऊन इथेच घर केलेली.

"जेवू घाल वं तिले, नुसती हवा कायले देतं," रामीबाई तिकडून म्हणाली.

आणि मग ताट आलं. पाटोड्यांचा तांबडा रस्सा, गव्हाच्या पोळ्या, भात, तळलेल्या कुरडया, वाटीत आमरस. निकिता मान खाली घालून वाढत होती. विमलताई आत कुठेतरी गुणगुणत होत्या. मी बायकांची गाणी वेचणारी बाई. लहानपणी आजोळी जात्यावर ऐकलेल्या ओव्या मला अजून श्वासासारख्या येतात. त्यामुळे जेवताजेवता कान तिकडेच गेला.

पाव्हना आला दारी, बसाले देते पाट
शेजीच्या गोतानं भरलं वं माह्यं ताट

मला मात्र वैताग येत होता. मी ओढाताण बघायला आले होते आणि माझ्यापुढे सणाचं ताट होतं. हे मी इंग्रजीत काय लिहिणार? दोनशे शब्द रस्स्याचे? निकितावर राग आला. वाटलं, पोरीनं उगाच गप्प बसून मला इथवर आणलं. इथे खाऊनपिऊन बरं चाललंय.

पोळीचा शेवटचा तुकडा उचलला आणि ताटाच्या कडेला कोरलेली टिंबटिंबांची अक्षरं दिसली. हिरासिंग राठोड. रामीबाईच्या नवऱ्याचं नाव. मी वाटी उचलली. तिच्या पोटावर: चि. सौ. कां. कोकिळा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ. या घरात कोकिळा कुणी नव्हती. पाण्याच्या पेल्यावर: भजनी मंडळ, वरुडखेड. तांब्यावर: देवसिंग पवार. रस्स्याच्या वाटीवरचं नाव अर्धं झिजलं होतं, पण पहिलं अक्षर 'ग' होतं, आणि या घरात 'ग'चं कुणी नव्हतं.

एका ताटात पाच घरं होती. मी त्या हिरव्या लुगड्याकडे बघितलं. वाऱ्यानं ते आत खोल गेलं. मागे भांडी असती तर ते इतकं आत गेलं नसतं.

निकितानं माझी नजर पकडली. हातातला भाताचा चमचा तसाच धरून ती उभी राहिली. "मॅडम, अजून वाढू?" असं विचारलं, आणि डोळ्यांनी दुसरंच काही मागितलं.

परतीच्या जीपमध्ये माझ्या डोक्यात इंग्रजी वाक्यं भराभर जुळत होती. साधी, छोटी, कुणाकडूनही न घेतलेली. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची आज लाज वाटते. माझा बुडालेला अर्ज तरणार होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. निकिता बारा वाजता आली. मी तिला वाक्यं वाचून दाखवली. आमच्या घरी पाहुणा आला की तो पाच घरांच्या भांड्यांत जेवतो. ताटावर शेजारच्या काकांचं नाव आहे. आमची स्वतःची भांडी मागच्या वर्षी, बियाणं उगवलं नाही म्हणून दुसऱ्यांदा पेरायला...

"तुमाले कोणं सांगतलं?"

"कुणी नाही. लुगडं हललं. मागच्या वर्षीची दुबार पेरणी तर अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

"हे नाई लिवणार मी."

"अगं, पण हे खरं आहे."

"म्हणूनच."

मी पेन आपटलं. "निकिता, परवा मी तुला विचारून विचारून दमले. आता शब्द सापडले तर नको म्हणतेस? दहा तारीख कुणाची आहे, माझी?"

"लांडग्याचंच लिवून धाडा ना, मॅडम."

"त्यांनी लांडगा परत पाठवला."

ती खिडकीशी गेली. पाठमोरी राहूनच बोलली. "लांडगा बरा होता. थो कोणाच्या घरचा नसते. लिवलं का लांडगा आला, त आई काई दिसत नाई त्याच्यात. हे वाचलं का आईच दिसते. चुलीजवळ उभी, दुसऱ्याच्या ताटात वाढून राह्यली."

चौदा वर्षं मी ते वाक्प्रचार गुणांसाठी शिकवले. त्यांच्या आड उभं राहता येतं, हे या पोरीनं पहिल्या तासाला ओळखलं होतं. ओळखून तिनं रोही सोडून लांडगा घेतला होता, आणि मी समजले की ती माझं ऐकते आहे.

"मग आईलाच विचारू," मी म्हणाले.

"विचारा. बाजारात आली हाये."

विमलताई दुपारी आमच्या घरी आल्या. पिशवीत मिरच्या आणि एक लाकडी फणी. सोफ्यावर बसल्या नाहीत, उंबऱ्याजवळ खाली बसल्या. मी चहा दिला. कप हातात घेऊन त्यांनी आधी तो खालून बघितला, मग बशीत चहा ओतला.

निकितानं बोलायला नकार दिला, तेव्हा मीच सगळं सांगितलं. ताट, वाटी, पेला. विमलताईंचं तोंड हळूहळू बंद होत गेलं.

"ताट जेवाले असते, मॅडम," त्या म्हणाल्या. "वाचाले नसते."

"चुकलं माझं."

"शिकलेले लोक ताटबी सोडत नाई, बाप्पा." त्या निकिताकडे वळल्या. "अन् तू काय म्हणतं?"

"मी नाई म्हणतलं."

"तुले नागपूरले जायाचं हाये का नाई?"

निकितानं पिशवीतली फणी उचलली. तिचे दात अंगठ्यानं वाजवत राहिली.

चहा बशीतच गार झाला, वर साय धरली. मग विमलताई म्हणाल्या, "लिवा मंग. पण अर्धं नोका लिवू. पुरं लिवा. मी आजपावतर कोणाचं भांडं रिकामं वापस नाई केलं. बोरं असली त बोरं टाकली, तुरीच्या शेंगा असल्या त शेंगा. काईच नसलं त परसातला कढीपत्ता टाकला, पन रिकामं नाई धाडलं. इचारा रामीबाईले. थे लिवत असान त लिवा, नाईतर राहू द्या तुमची कालरशिप."

निकितानं तो शब्द दुरुस्त केला नाही. मीही नाही.

लिहायला बसलो. निकिता सांगत होती, मी इंग्रजी सुधारत होते, ती पुन्हा स्वतःच्या अक्षरात उतरवत होती. कढीपत्त्याला इंग्रजी शब्द आहे, पण तो करी बनवायची पानं असा आहे, तो लिहिल्यावर विमलताईंनी विचारलं, "काय लिवलं?" आणि निकितानं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "करी कायची? कढीपत्ता तो कढीपत्ता." मग आम्ही कढीपत्ताच लिहिला. झाल्यावर शब्द मोजले. दोनशे एकोणीस. दोनशेच्या वर एक शब्दही चालणार नव्हता. मी बोरं काढायला निघाले, तर विमलताईंनी हात धरला.

"बोरं नोका काढू."

"काहीतरी काढावंच लागेल, ताई."

निकितानं पेन घेतलं आणि पहिल्या दोन ओळी खोडल्या. आमचं कुटुंब अत्यंत बिकट आर्थिक परिस्थितीतून जात आहे, अशी ती सुरुवात होती. ती मीच घातली होती, सवयीनं. ती गेल्यावर सगळं दोनशेच्या आत बसलं.

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक प्रत काढली आणि पाकीट कुरिअरला दिलं. दुकानदारानं पत्र वाचलं. "भारी लिवलं, मॅडम," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

चार जुलैला न्यासाचा माणूस आला. मंदार नाव. सत्तावीस-अठ्ठावीसचा, पाठीवर बॅग, बोलणं पुण्याचं. त्या दिवशी त्याला चार गावं करायची होती. मीही वरुडखेडला गेले. घरचा चिवडा डब्यात घालून नेला, न सांगता.

विमलताईंनी त्याच्यासाठी जेवण केलं होतं. अर्थातच. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मला आत ओढलं. पळसाच्या पानांच्या हिरव्यागार पत्रावळी रचून ठेवल्या होत्या, बाजूला द्रोण. काड्यांनी टोचलेल्या, एकसारख्या. पहाटे उठून त्यांनीच लावल्या होत्या.

"आता वाचा म्हणा काय वाचता थे," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. डावा गाल हलला.

मला काय करावं कळेना. पत्रात पाच घरांची भांडी होती, आणि तो ती बघायला आला होता.

मंदारनं पत्रावळीचा फोटो काढला. "काय सुंदर परंपरा आहे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे त्रासदायक होतं. जेवला, हात धुतले, बॅगेतून छापील तक्ता काढला. मग निकिताचं पत्र शोधून वरवर बघितलं.

"यात भांड्यांचा उल्लेख आहे. ती कुठे आहेत?"

"वापस केली," विमलताई म्हणाल्या.

"हो, पण मला व्हेरिफाय करायचंय ना. काहीतरी दिसायला हवं."

कुडावरून रामीबाई बोलली. "माझं ताट पाहाले पायजे? चाल ना माझ्या घरी. माझ्या मालकाचं नाव हाये त्याच्यावर."

"आजी, मला अर्जदाराच्या घरातलंच लिहायची परवानगी आहे."

"मंग माझं घर काय दुसऱ्या देशात हाये का?"

तो ओशाळून हसला. घड्याळ बघितलं. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. तक्त्यावर तीन छापील इंग्रजी वाक्यं होती आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. मला ती उलटीकडून वाचता येत होती. पहिलं: कुटुंब सुस्थितीत आहे. पेन पहिल्या चौकोनाच्या दिशेनं सरकत होतं. सारवलेली ओसरी, लाल खुर्ची, द्रोणात उरलेला आमरस. त्याचा काय दोष? मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याजवळ बोलायला काहीच नव्हतं. जे होतं, ते त्या पत्रात लिहून झालं होतं आणि ते त्याच्या मांडीवर उलटं पडलं होतं.

निकिता उठली. आत गेली. मांडणीच्या दोन खिळ्यांवरच्या गाठी सोडल्या, आणि हिरवं लुगडं खाली आलं.

मांडणी रिकामी होती. मागची भिंत वीस वर्षांच्या चुलीच्या धुरानं काळी झाली होती, आणि त्या काळ्यात पांढरे गोल उरले होते. मोठे, मधले, लहान. ओळीनं, उतरत्या क्रमानं, जशी ताटं उभी असायची तसे. एका कोपऱ्यात तांब्याएवढा एक, त्याच्या शेजारी पेल्यांचे सहा. पौर्णिमेचे लहानमोठे चंद्र कुणी भिंतीवर मांडून ठेवले असावेत, आणि आभाळ मात्र विकून टाकलं असावं.

"थो मोठा गोल दिसते ना," रामीबाई कुडावरून म्हणाली, "थे तिच्या रुखवतातलं ताट होतं, साहेब."

"झाक वं माय ते," विमलताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "झाक."

निकितानं झाकलं नाही. लुगडं हातात धरून ती मंदारकडे बघत उभी राहिली. विमलताईंनी तोंड भिंतीकडे केलं. ती भिंत पाहायची नसल्यामुळे दुसऱ्या भिंतीकडे.

मंदारनं पेन पहिल्या चौकोनावरून उचललं. मग त्यानं तिसऱ्या चौकोनात खूण केली.

"हे वर्गवारीत बसतं," तो मला म्हणाला. "काळजी करू नका. चार दिवसांत कॉलेजला पत्र जाईल."

मी ते तिसरं वाक्य वाचलं. फॅमिली इज अनएबल टू मेक बोथ एंड्स मीट. माझ्या फळ्यावरचा दुसरा वाक्प्रचार. त्यांनी तो छापूनच आणला होता. आमचा परत पाठवला होता तो हाच.

"पत्रातलं काही घालणार नाही का रिपोर्टमध्ये?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"रकाना नाही, मॅडम. खूण पुरते."

विमलताईंनी तक्त्यावर अंगठा उठवला. मंदार गेला. धूळ खाली बसली. मग त्यांनी विचारलं, "काय लिवलं त्यानं?"

"का दोन टोकं जुळत नाई," निकिता म्हणाली.

"कायची टोकं?"

निकिता लुगडं परत खिळ्याला बांधू लागली.

"कढीपत्त्याचं वाचलं का त्यानं?"

"वाचलं, ताई," मी म्हणाले.

"नाई वाचलं," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती." आणि माझा चिवड्याचा डबा घासायला घेऊन गेल्या. निघताना तो त्यांनी माझ्या हातात दिला. जीपमध्ये बसल्यावर कळलं, त्याला वजन आहे.

निकिता नागपूरला गेली. नऊ जुलैला, एक दिवस आधी. आता तिचं दुसरं वर्ष सुरू होईल.

यंदा जूनमध्ये न्यासाचे अर्ज पुन्हा आले. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. वर्गात सत्तावीस मुली होत्या. मी म्हणाले, स्वतःच्या शब्दांत लिहा. घरी जा, नीट बघा, मग लिहा. आठ दिवस घ्या. मला वाटलं, एवढं तरी मी शिकले.

आठ दिवसांनी गठ्ठा हातात आला. पहिला अर्ज वाचला. दुसरा वाचला. मग भराभर खालचे. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं मागच्या वर्षीची एक प्रत जास्तीची काढून ठेवली होती आणि ती चांगली खपत होती. सत्तावीसच्या सत्तावीस घरी पाहुणा पाच घरांच्या भांड्यांत जेवत होता. झरी जामणीकडून शिकायला आलेल्या मुलीच्या ताटावरही हिरासिंग राठोडांचंच नाव होतं.

मी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. "तुमच्या घरी भांडी कुणाची आहेत गं?"

"आमचीच हायेत, मॅडम. पितळीचीबी हायेत."

"मग हे काय लिहिलंस?"

तिनं शेजारणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

"पन याच्यानंच तर पास होते ना, मॅडम."

मी गठ्ठा टेबलावर ठेवला. सगळ्यात वरच्या कागदावर शेवटची ओळ होती, निकिताच्या वळणानं उतरवलेली, एकही चूक न करता. काहीच नसलं तर आम्ही कढीपत्ता टाकतो.